कल्हईची साक्ष

पारख चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. खरं सांगायचं तर नऊ वर्षांत ती चुकल्याचं कोणी दाखवलंही नव्हतं. आता न दाखवलेली चूक सरकारी दप्तरात चूक धरत नाहीत, हा भाग वेगळा.

पारख म्हणजे हातात मावणारं एक यंत्र, साबणाच्या दोन वड्या जोडाव्यात एवढं. पदार्थासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. त्यातून दोन किरण निघत. पहिला सांगे की पदार्थात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत. दुसरा सांगे की त्यांचे अणू कसल्या साखळ्यांत गुंफले आहेत, कारण प्रत्येक साखळीची थरथरण्याची तऱ्हा निराळी असते. मग यंत्र आपल्या पोटातल्या बावीस लाख पदार्थांशी ताळा जुळवून पाही आणि सगळ्यांत जवळचं नाव पडद्यावर टाकी. सगळं मिळून दोन सेकंद! दुधातला युरिया असो की हळदीतला रंग, पारख धरली की भेसळवाल्याची बोबडी वळायची. २०४३ सालापर्यंत तर कायदाच झाला होता की पारखेची जुळणी नव्वद टक्क्यांच्या वर गेली, की तो निकाल अंतिम.

भंडारा जिल्ह्याच्या पदार्थ तपासणी केंद्रात अशी पारख वापरायचा आणि तिच्या निकालाखाली सही करायचा अधिकार एकाच बाईला होता, भाग्यश्री कासार हिला. चाळिशीची, सडेतोड, कामाला वाघ. केंद्रातल्या जुन्या प्रयोगशाळेचं पारख आल्यावर काय झालं म्हणता? चंचुपात्रांत पेनं उभी राहिली, धुण्याच्या कुंडीत मनीप्लांट फोफावला, आणि परीक्षानळ्यांच्या लाकडी घोडीत शिपाई उदबत्त्या खोचू लागला. भाग्यश्रीलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मार्चमधल्या एका सकाळी ती पारख घेऊन कासार ओळीत, म्हणजे कासारांच्या गल्लीत, आली ती मात्र जरा अवघडूनच. कारण तपासायची भांडी तिच्या बापाची होती.

नॉनस्टिक भांड्यांवर बंदी आल्यापासून कासार ओळीला पुन्हा दिवस आले होते. आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांसाठी दोनशे चाळीस पितळी गंज हवे होते. गंज म्हणजे तिकडची मोठी पातेली. त्यांना आतून कल्हई करायचं काम दामोधर कासारांकडे आलं होतं. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण कथिलाची पट्टी कानाशी धरून वाकवायचा आणि तिच्या करकरण्यावरून शिसं मिसळलंय की नाही ते सांगायचा. त्यानं केलेली कल्हई उतरली असं कोणी ऐकलं नव्हतं.

"धर बापा तुह्यी ते पेटी," दामोधर हसत म्हणाले. "गंजात तोंड पाहून घे, आरशासारखा हाय."

भाग्यश्रीनं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'ट्रायब्युटिल कथील. जुळणी सत्त्याण्णव टक्के. विषारी.'

तिला वाटलं, हात हलला असेल. दुसरा गंज घेतला, तिसरा घेतला, दहावा घेतला. लाल, लाल, सगळे लाल.

आता हे प्रकरण काय आहे ते सांगायला हवं. साधं कथील निरुपद्रवी असतं, म्हणून तर शेकडो वर्षं आपण त्याचा लेप लावलेल्या भांड्यांत आंबट आमटी शिजवली. पण त्याच कथिलाच्या अणूला कार्बनच्या तीन साखळ्या थेट जोडल्या, की त्याचं जहर होतं. एके काळी जहाजांच्या बुडाला असा रंग देत, कालवं-शिंपले चिकटू नयेत म्हणून. कालवं चिकटेनाशी झाली खरी, पण बंदरांतल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. मग जगभर त्या रंगावर बंदी आली. असलं विष पोरांच्या वरणाच्या गंजात?

"बाबा, कथील कुठून आणलं?"

"दरसाली आणतो तिथूनच. काहून?"

भाग्यश्रीनं पडदा त्यांच्यासमोर धरला. शेजारपाजारचे कासार गोळा झाले. नियम सगळ्यांना ठाऊक होता. विषारी निकाल आला की भट्टीला आणि मालाला सील. सात दिवसांनी माल वितळवायचा, परवाना रद्द, आणि त्या पद्धतीची कल्हई जिल्ह्यात बंद. म्हणजे एकट्या दामोधरांचीच नाही, अख्ख्या ओळीची चूल विझायची.

"सही नको करू, भाग्यश्री," कोणीतरी कळवळून म्हणालं. "बापाच्या पोटावर पाय देतेस का?"

तरी भाग्यश्रीनं सही केली. पोरांच्या जेवणाचा प्रश्न होता आणि यंत्र सत्त्याण्णव टक्के सांगत होतं. भट्टीच्या भात्यावर सीलची पट्टी चिकटवताना तिनं मान वर केली नाही.

दामोधर ओरडले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "भागू, तुनं सोता पाह्यलं का?"

"मशीननं पाहिलं ना, बाबा."

"मी मशीनले नाही इचारून राहिलो. तुले इचारून राहिलो."

रसायनशास्त्राची पहिल्या वर्गातली पदवी घेतलेली, सोळा वर्षं नोकरी केलेली बाई, आणि तिनं स्वतः काहीच पाहिलं नव्हतं! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती तडक साकोलीला गेली, मेश्राम मॅडमकडे. सुशीला मेश्राम, कॉलेजात पंचवीस वर्षं रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतलेल्या तिच्या बाई. आता एकोणऐंशीच्या होत्या, पण जीभ अजून तशीच तिखट.

सगळं ऐकून घेतल्यावर मॅडम म्हणाल्या, "आधी मला सांग, तुझे बाबा कल्हई करतात कशी? पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

"गंज तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथिलाची पट्टी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं..."

"ते जगाला माहीत आहे. नंतर काय करतात?"

भाग्यश्री आठवू लागली. नंतर बाबा गंजात चिंचेचं पाणी भरून ठेवत, दिवसभर. कुठे लेप सुटला असेल, तर तिथलं पितळ चिंचेनं उजळून उघडं पडायचं आणि ती जागा पुन्हा कल्हई करायची. ही त्यांची स्वतःची परीक्षा होती, ओळीत दुसरं कोणी एवढा खटाटोप करत नसे. मग पाणी ओतून देऊन, तिळाच्या तेलाचं फडकं फिरवून गंज पालथा ठेवायचा.

"धूत नाहीत?"

"छे! पहिलं पाणी घरच्यांनी घालायचं असतं. कल्हईवाल्यानं स्वतः धुतलं तर भांड्याची बरकत जाते म्हणतात. आजोबाही कधी..." भाग्यश्री मध्येच थांबली.

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं गाढवे! चिंचेच्या आम्लात थोडं कथील उतरतं. ते गंजाला चिकटून वाळलं. त्यावर तेलाचा हात फिरला. तेलात कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. तुझ्या मशीनच्या पहिल्या किरणाला दिसलं कथील, दुसऱ्याला दिसल्या साखळ्या. त्यानं दोघांचं लग्न लावून टाकलं! अगं, एका बाकावर दोघं बसले म्हणजे काय नवरा-बायको झाले?"

भाग्यश्रीला एकदम हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. पण ती सावध बाई होती. "मॅडम, हा तर्क झाला. पुरावा कुठे आहे?"

"आता बोललीस शहाण्यासारखी. चल, मोरीत चल."

मोरीशेजारच्या फळीवर मॅडमनी आपला जुना संसार जपून ठेवला होता. बाटल्या, नळ्या, गॅसचा बर्नर. त्या दिवसापासून तीन दिवस भाग्यश्री रजा टाकून त्या फळीपुढे उभी राहिली; बाबांचा माल सीलखाली होता, म्हणून सराव मॅडमच्याच कल्हईच्या पातेल्यावर. कृती म्हणाल तर सोपी होती. भांड्याच्या आतून पुसून घेतलेला बोळा आम्ल घातलेल्या पाण्यात बुडवायचा, त्यात रॉकेलसारखा एक पातळ द्राव घालायचा आणि खळखळून हलवायचं. थोड्या वेळानं दोन थर होतात, खाली पाणी आणि वर द्राव. चिंचेतलं मोकळं कथील पाण्यात राहतं, तेल वर जातं. पण कथील कार्बनच्या साखळ्यांशी खरोखर बांधलेलं असेल, तर साखळ्या त्याला ओढून वरच्या थरात नेतात. मग दोन्ही थर वेगवेगळे काढायचे, तीव्र आम्लात उकळून साखळ्या तोडायच्या आणि बघायचं, कथील कुठल्या थरात सापडतं ते.

"आणि सापडलं हे कळायचं कसं?" भाग्यश्रीनं विचारलं होतं. शिकली होती एकदा, पण पार विसरली होती.

मॅडमनी उकळलेल्या पाण्यात जस्ताचे खडे टाकले. फसफस सुरू झाली. एका परीक्षानळीत थंड पाणी भरून तिचं बूड त्या फसफसणाऱ्या पाण्यात बुडवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि ओलं बूड बर्नरच्या ज्योतीत धरलं. काचेच्या बुडाभोवती गर्द निळा उजेड पांघरल्यासारखा पसरला. इतका सुंदर निळा की भाग्यश्री नळीजवळ वाकली.

"हे कथील," मॅडम म्हणाल्या. "दुसरं कोणी एवढं छान निळं होत नाही. कर आता तू. माझे हात कापतात."

पाचव्या दिवशी भाग्यश्री केंद्रप्रमुख आगलावे साहेबांपुढे उभी राहिली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर एक बोटही जायचा नाही.

"कासार मॅडम, निकाल अंतिम आहे."

"सर, नियमात जुनं सतरावं कलम अजून आहे. प्रत्यक्ष रासायनिक चाचणीनं निकाल तपासता येतो. कोणी वापरत नाही म्हणून काढायचं राहून गेलंय."

साहेबांनी कलम काढून दोनदा वाचलं. मग चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "ठीक आहे. पण चाचणी कोण करणार? तुम्ही. भांडी कोणाची? तुमच्या वडिलांची. उद्या लोक मला काय म्हणतील?"

"तुम्ही नमुने द्या, सर. नुसते आकडे घाला. काय कशात आहे ते मला सांगू नका. मी चाचणी करीन, निकाल लिहीन, सही करीन आणि मगच तुम्ही तुमची यादी उघडा. सगळ्यांसमोर."

"आणि विष निघालं तर?"

"तर तेही लिहीन."

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "परवा दुपारी बारा वाजता," ते म्हणाले.

सातव्या दिवशी दुपारी केंद्राची जुनी प्रयोगशाळा फुलून गेली. उदबत्त्या निघाल्या, मनीप्लांट बाहेर गेला. निळा उजेड दिसावा म्हणून खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. कासार ओळीतली तीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. मेश्राम मॅडमना पुढे खुर्ची दिली होती. दामोधर एका कोपऱ्यात, हात मागे बांधून.

टेबलावर सहा बाटल्या होत्या, एक ते सहा आकड्यांच्या. भाग्यश्रीनं एकेक उचलून दिव्यासमोर धरली. तीन बाटल्यांतलं पाणी निर्मळ होतं. दोन, चार आणि पाच नंबरच्या बाटल्यांत चिंचेची तांबूस झाक होती. त्या बाबांच्याच गंजांच्या, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नव्हतं.

तिनं काम सुरू केलं. हलवलं, थर काढले, उकळले, जस्त टाकलं. दिवा मालवला. पहिली बाटली: पाण्याचा थर काळा, वरचा थर काळा. काहीच नाही. दुसरी, तांबूस: पाण्याच्या थराला लख्ख निळा उजेड, वरच्या थराला नाही. "बाप्पा!" अंधारात कोणीतरी म्हणालं. तिसरी: पाण्यात काही नाही, वरच्या थरात मात्र निळा. विष. चौथी, तांबूस: पुन्हा फक्त पाण्यात. भाग्यश्रीचा जीव भांड्यात पडू लागला होता.

पाचवी. तांबूस. पाण्याचा थर निळा. तिनं वरच्या थराची नळी ज्योतीत धरली.

निळा.

तिनं नळी धुतली आणि पुन्हा केलं. पुन्हा निळा. तिसऱ्यांदाही निळाच. म्हणजे बाबांच्या गंजात मोकळं कथील होतं, आणि विषही होतं? कथील घेताना कोणी फसवलं का त्यांना? मग पारख बरोबर होती आणि मॅडमचा तर्कच अर्धा होता. तिच्या मनात आलं की वरच्या थराचा उजेड तसा फिकाच आहे, नाही म्हटलं तरी चालेल. अंधारात कोणाला काय कळतंय? मॅडमना लांबचं दिसत नाही, साहेबांनी आयुष्यात ही चाचणी पाहिलेली नाही. तीन शब्द वेगळे लिहिले की ओळ वाचली.

पण मग तिच्यात आणि यंत्रात फरक काय उरला? यंत्राला निदान बाप तरी नसतो.

सहावी बाटली कोरी निघाली. दिवा लागला. भाग्यश्रीनं कागद ओढला आणि लिहिलं. 'एक, सहा: कथील नाही. दोन, चार: कथील आहे, विष नाही. तीन: विष. पाच: मोकळं कथील आहे, आणि विषही आहे.' तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, पाचचा निकालही, आणि खाली सही केली. कोपऱ्यात दामोधरांची मान खाली गेली होती. ओळीतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला.

आगलावे साहेबांनी खिशातून पाकीट काढलं आणि फाडलं. ते यादी वाचू लागले.

"एक आणि सहा, साधं पाणी. दोन आणि चार, दामोधर कासार यांच्या गंजांतून घेतलेले नमुने. तीन, नागपूरच्या प्रयोगशाळेतून आणलेलं ट्रायब्युटिल कथील." ते थांबले. "पाच. दामोधर कासार यांच्या गंजाचा नमुना. त्यात मी काल स्वतःच्या हातानं तीन नंबरच्या बाटलीतलं विष मिसळलं."

"काय!" मेश्राम मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"मला बघायचं होतं," साहेब म्हणाले. "बापाचं भांडं दिसत असताना ह्या बाई विष लिहितात का. चाचणीवर माझा विश्वास बसायला एवढं बास होतं. कासार मॅडम, सहाच्या सहा बरोबर. यंत्राला मी हीच पाचवी बाटली दाखवली होती, तर ते सत्त्याण्णव टक्केच म्हणालं. आणि दुसरी दाखवली, तरीही सत्त्याण्णव टक्केच! खऱ्या विषात आणि तिळाच्या तेलात त्याला फरक कळत नाही. निकाल रद्द. भट्टी उघडा."

मग काय विचारता! घोंगड्या खाली आल्या, खिडक्या उघडल्या, कोणी टाळ्या वाजवतंय, कोणी रडतंय. कासारांनी मेश्राम मॅडमना खुर्चीसकट उचललं. "अरे पाडाल रे मला, मेल्यांनो!" म्हणून त्या ओरडत होत्या आणि हसतही होत्या. साहेबांनी तिथल्या तिथे आदेश लिहायला घेतला की यापुढे विषारी निकाल आला, तर माणसाच्या हातची चाचणी झाल्याशिवाय कुणाची भट्टी बंद करायची नाही. पुढे दोन वर्षांत तो आदेश राज्यभर लागू झाला आणि प्रत्येक जिल्ह्यात परीक्षानळ्यांच्या घोड्यांतल्या उदबत्त्या निघाल्या, पण ते नंतरचं.

त्या गर्दीतून दामोधर लेकीपर्यंत आले.

"पाचवी शिशी माह्या गंजाची हाय हे तुले दिसलं होतं नं?"

"हो, बाबा."

"तरी तुनं लिवलं."

"मी स्वतः पाहिलं होतं, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना. "राग आला का?"

"राग?" म्हाताऱ्यानं तिचं डोकं छातीशी धरलं. "अवं पोरी, चिंच घालून भांडं दिवसभर ठेवतो मी, ते कशापायी? आपलंच काम खोटं निघते का पाहाले. तू माह्यीच निघालीस नं बापा!"

त्याच दिवशी चारच्या सुमारास कासार ओळीत भाग्यश्रीनं आपल्या हातानं सीलची पट्टी काढली. भाता पुन्हा फुसफुसू लागला. आश्रमशाळांचा माल उद्या निघायचा होता आणि साहेबांची एकच अट होती, पाठवण्याआधी गंज धुऊन द्यायचे. दामोधर अडून बसले. कल्हईवाल्यानं पहिलं पाणी घालायचं नाही म्हणजे नाही, साहेब म्हणोत की साहेबांचे साहेब.

मग त्यांनी पहिला गंज उचलला आणि लेकीसमोर ठेवला.

"घाल पहिलं पाणी. तू घरची हायेस."

भाग्यश्रीनं साडी खोचली आणि नळाखालची बादली ओढली. पिशवीतली पारख तिनं ओट्यावर ठेवून दिली होती, ती कोणाच्या लक्षातही नव्हती. तिनं दोन्ही हातांनी पाणी ओतलं, तळ चोळला आणि वाकून आत पाहिलं. स्वच्छ चकाकणाऱ्या कथिलात तिचं आणि तिच्या मागून डोकावणाऱ्या बाबांचं तोंड दिसत होतं.

"पाह्यलं का?" दामोधरांनी विचारलं.

"पाहिलं," भाग्यश्री म्हणाली, आणि दुसरा गंज ओढला.